गालावर पट्टी, गळ्यात सुवर्णपदक

मुलांनो, दाढ कधी दुखलीय का तुमची? मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. जेवण नको, खेळ नको, कुणी बोलायला आलं तरी नको! गालाला हात लावून कोपऱ्यात बसून राहावंसं वाटतं. (शाळेला सुट्टी मिळते, तेवढाच काय तो फायदा. आम्हां शिक्षकांना हे चांगलं ठाऊक असतं, बरं का!)

आता समजा, अशी ठणकणारी दाढ घेऊन तुम्हाला दोन दिवसांत सात खेळ खेळायचे आहेत. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर धावणे. रात्री झोपायचं, सकाळी उठून पुन्हा लांब उडी, भालाफेक, आणि अंगात त्राण उरलेलं नसताना सगळ्यांत शेवटी ८०० मीटर! या सात खेळांच्या मिळून होणाऱ्या स्पर्धेला म्हणतात हेप्टॅथलॉन. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या जकार्ता शहरात आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. पश्चिम बंगालमधल्या जलपायगुडीची २१ वर्षांची स्वप्ना बर्मन गालावर भली मोठी चिकटपट्टी लावून मैदानात उतरली. दाढ दुखत होती, गाल सुजला होता. दोन दिवसांनी तिच्या नावावर ६०२६ गुण होते आणि गळ्यात सुवर्णपदक. आशियाई स्पर्धांत हेप्टॅथलॉनचं सोनं जिंकणारी ती पहिली भारतीय खेळाडू.

स्वप्नाचं दुखणं दाढेपुरतंच नव्हतं. तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं आहेत. दुकानातले बूट बनतात पाच बोटांच्या पायासाठी. त्यामुळे प्रत्येक उडीला, प्रत्येक धावेला तिचे पाय आवळले जायचे. घरची परिस्थिती बेताची, वडील सायकलरिक्षा चालवायचे आणि पुढे आजारपणाने त्यांनी अंथरूण धरलेलं. खास बूट आणणार कुठून? पदक मिळाल्यावर तिने आपली ही अडचण जगाला सांगितली, आणि नंतर तिच्या मापाचे बूट तिला बनवून मिळाले.

मला या गोष्टीतला बुटांचा भाग पदकाहूनही जास्त आवडतो. पट्टीची छायाचित्रं सगळ्यांनी छापली. पण पायाच्या दुखण्यावर उपाय गोळीचा नव्हता, पट्टीचाही नव्हता. उपाय होता मापाचा बूट! कुठलं दुखणं सोसायचं, कुठलं थांबवायचं आणि कुठल्याचं कारणच शोधून काढायचं, हे ओळखणं मोठ्या खेळाडूंना आणि त्यांच्या डॉक्टरांनाही सोपं जात नाही.

तुम्ही म्हणाल, मोठ्या खेळाडूंना दुखतच नसेल! तर तसं नाही. शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं आहे. खेळाडू आणि न खेळणारी माणसं यांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावायचा, किंवा हातावर हळूहळू दाब वाढवत न्यायचा, आणि विचारायचं, 'दुखायला केव्हा लागलं? आणि आता पुरे, असं केव्हा वाटलं?' (हा प्रयोग घरी करायचा नाही, सांगून ठेवते!) अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१२ साली एकत्र करून पाहिले. काय दिसलं? दुखायला लागण्याची वेळ दोघांचीही साधारण सारखीच. पण 'आता पुरे' म्हणायला खेळाडू जास्त वेळ लावतात. म्हणजे कळ त्यांनाही येते, तुमच्याआमच्यासारखीच येते. फरक पडतो तो त्यानंतर.

मुळात दुखतं कशासाठी? दुखलंच नसतं तर किती मजा आली असती, असं तुमच्या मनात येत असेल. पाकिस्तानच्या उत्तर भागात असा एक मुलगा खरोखरच होता. त्याला जन्मापासून वेदना म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. तो रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. दंडात सुरी खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा, आणि चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही! चौदा वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याने घराच्या छपरावरून उडी मारली आणि तो जिवाला मुकला. त्याच्या नात्यातल्या काही कुटुंबांतही अशी मुलं होती. ओठ-जीभ चावून घेतलेली, मोडलेल्या हाडावर उभं राहून पाय वाकडे झालेली. एका जनुकातल्या बिघाडामुळे हे होतं, असं शास्त्रज्ञांनी २००६ साली जाहीर केलं. वेदना ही शरीराची राखण करणारी कुत्री आहे, असं समजा ना. भुंकते तेव्हा त्रास होतो. पण ती भुंकली नाही तर चोर घर धुऊन नेईल!

आता ही कुत्री भुंकते कशी ते पाहू. तुमचं कोपर भिंतीवर आपटलं, की कातडीखालच्या मज्जातंतूंच्या टोकांतून निरोप निघतो. तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जातो आणि तिथून वर मेंदूकडे. मेंदूला निरोप पोचला, त्याने त्याचा अर्थ लावला, की तुम्ही ओरडता, 'आई गं!' १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. दुखण्याचे निरोप त्या फाटकातून जातात. पण स्पर्शाचे, चोळण्याचे निरोप तिथे गर्दी करून आले, तर फाटक अर्धवट मिटतं आणि दुखण्याचे निरोप कमी पोचतात. आपटलेल्या जागी आपण आपोआप हात चोळतो, धाकट्याला लागलं की आई फुंकर घालते, ते उगीच नाही! त्यांच्या मूळ कल्पनेत पुढे सुधारणा झाल्या, पण फाटकाची गोष्ट अजून शिकवली जाते.

हे फाटक मेंदूसुद्धा वरून लोटू शकतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीतल्या अँझिओ इथे हेन्री बीचर नावाचे अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत होते. त्यांना आश्चर्य वाटलं ते याचं, की मोठमोठ्या जखमा असूनही कितीतरी सैनिक वेदना थांबवणारं औषध मागतच नव्हते. जीव वाचला, आता घरी जायला मिळणार, हा विचार त्यांच्या मनात होता. शिवाय शरीर स्वतःचंही औषध तयार करतं. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी १९७५ साली डुकरांच्या मेंदूतून असे पदार्थ शोधून काढले. अफूतलं मॉर्फिन जे काम करतं, तसंच काम हे पदार्थ करतात. म्हणून तर कबड्डीत सामना चालू असताना गुडघा सोलवटलेला कळत नाही, आणि घरी येऊन पायावर पाणी घेतलं की तोंडातून किंकाळी निघते!

खेळाडू मेंदूच्या या करामतीचा मुद्दाम उपयोग करून घेतात. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ मॅरेथॉन धावताना मनात आकडे मोजायची. तीनदा शंभरपर्यंत मोजून झालं, की तिचा साधारण एक मैल व्हायचा. उरलेल्या वीस मैलांचा विचार करायचाच नाही, पुढचा आकडा तेवढा मोजायचा! २००३ साली लंडनला तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन संपवली, आणि महिलांमधला तिचा तो विक्रम २०१९ पर्यंत टिकला. केनियाचा एलियुड किपचोगे तर त्रास व्हायला लागला की हसतो. २०१९ च्या ऑक्टोबरात व्हिएन्ना शहरात तो ४२ किलोमीटरहून जास्त अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला. त्याच्या बरोबरीने आळीपाळीने दुसरे धावपटू पळत होते, म्हणून तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही. पण त्याची छायाचित्रं मिळाली तर बघा. शेवटच्या टप्प्यातही चेहऱ्यावर हसू! कपाळाला आठ्या घालून धावण्यापेक्षा हसत धावलं तर प्राणवायू थोडा कमी लागतो, असं काही धावपटूंवर केलेल्या प्रयोगात दिसलंही आहे.

पण थांबा. मोजणं, हसणं, दीर्घ श्वास घेणं हे उपयोगी पडतं ते दमल्यामुळे होणाऱ्या दुखण्यावर. पोटऱ्या जळतात, छाती भरून येते, ते दुखणं. सांधा मुरगळला, हाड मोडलं, तर हसून काय होणार?

टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. फुटबॉलचा किंवा कबड्डीचा खेळाडू पाय धरून लोळतोय, कुणीतरी पिशवी घेऊन धावत येतं, फुस्स करून फवारा मारतं, आणि तो खेळाडू उठून पळायला लागतो! आमच्या वर्गातल्या मुलांना हे जादूचं औषधच वाटतं. त्यात जादू काही नाही. फवाऱ्यातला द्रव अंगावर पडताच झपाट्याने उडून जातो आणि जाताना कातडीची उष्णता घेऊन जातो. इंजेक्शनच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवला की गार लागतं ना, तेच हे, पण कितीतरी पटींनी जास्त. ती जागा थोडा वेळ बधिर होते, एवढंच. आतलं काही दुरुस्त होत नाही. साधा मुका मार असेल तर चालतं. लिगामेंट फाटलं असेल तर फवारा मारून त्याच पायावर धावणं म्हणजे फाटलेल्या पिशवीत आणखी धान्य भरणं.

बर्फाचंही असंच गमतीदार आहे. मुरगळलं की विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंचावर, हा मंत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात दिला आणि तो जगभर पसरला. २०१४ साली त्याच डॉक्टरांनी स्वतःच लिहिलं, की बर्फाने वेदना कमी होते हे खरं, पण भरून येण्याचं काम त्यामुळे लांबूही शकतं. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असतो. तेव्हा बर्फ लावलाच तर थोडा वेळ, फडक्यात गुंडाळून, आणि तोही सुरुवातीलाच. आपल्याकडे पाय मुरगळला की कुणीतरी मोठं माणूस तेल घेऊन जोरजोरात चोळायला बसतं. तेवढं मात्र लगेच करू देऊ नका!

आता गोळ्यांकडे वळू. विलो नावाच्या झाडाच्या सालीने ताप आणि दुखणं कमी होतं, हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत होतं. सालीतल्या त्या गुणावरूनच पुढे ॲस्पिरिन तयार झालं. पण ते नक्की काय करतं, हे कळायला १९७१ साल उजाडलं. इंग्लंडमधल्या जॉन वेन यांनी दाखवून दिलं, की दुखावलेल्या जागी शरीर काही रसायनं तयार करतं, त्यांनी सूज येते आणि मज्जातंतू हळवे होतात. ॲस्पिरिन ती रसायनं बनू देत नाही. या शोधाबद्दल वेन यांना १९८२ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्याही त्याच गटातल्या. पण हीच रसायनं पोटाच्या आतल्या अस्तराची आणि मूत्रपिंडाची काळजीही घेत असतात! म्हणून या गोळ्या जास्त घेतल्या तर पोटात जखमा होतात, मूत्रपिंडाला इजा होते, आणि घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना हा धोका आणखी वाढतो. आपल्या देशातली गिधाडं कशाने नाहीशी झाली, माहीत आहे? जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी ते बनवण्यावर आपल्याकडे बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे खरं. पण गोळी गोडगोजिरी दिसली तरी गोळ्या-बिस्किटांतली नव्हे, एवढं लक्षात येईल.

तरीही मोठे खेळाडू या गोळ्या घेतात, आणि पुष्कळ घेतात. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात निम्म्याहून जास्त खेळाडूंनी कधी ना कधी वेदनाशामक औषध घेतलं होतं, असं तेव्हाच्या नोंदींतून दिसलं. काहींनी तर दुखत नसताना, दुखेल म्हणून आधीच! हे मला अजिबात पटत नाही. चोर यायच्या आधीच कुत्रीचं तोंड बांधून ठेवायचं, असं झालं हे.

सायकल शर्यतींत ट्रामाडोल नावाची जोरकस गोळी अशीच पसरली होती. ती गुंगी आणते, तिची सवय लागते, आणि घोळक्यात भरधाव सायकल चालवताना एकाला गुंगी आली तर दहा जण पडतात. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २०१९ मध्ये शर्यतीत तिला मनाई केली. २०२२ च्या तूर द फ्रान्समध्ये सहाव्या क्रमांकावर आलेला कोलंबियाचा नायरो किंताना याच गोळीमुळे बाद ठरला. १ जानेवारी २०२४ पासून तर सगळ्याच खेळांत स्पर्धेच्या वेळी ट्रामाडोल घेण्यावर बंदी आली आहे.

आणि गोळीने भागत नसेल तर? २०२२ ची फ्रेंच टेनिस स्पर्धा आठवा, किंवा आई-बाबांना विचारा. राफाएल नदाल तेव्हा ३६ वर्षांचा होता. त्याच्या डाव्या पायातल्या एका लहानशा हाडाला जुनाट आजार आहे. ते झिजतं, आणि कधीच पूर्ण बरं होत नाही. त्या स्पर्धेत सामन्याआधी डॉक्टर इंजेक्शन देऊन त्याच्या पायातले मज्जातंतू बधिर करत. पाऊल जमिनीवर टेकलंय, पण ते जाणवतच नाही, अशा अवस्थेत तो खेळला आणि चौदाव्यांदा अजिंक्य ठरला! ५ जूनला चषक हातात घेतल्यावर त्यानेच सांगून टाकलं, की असं बधिर पायाने आपण खेळत राहणार नाही. महिनाभरातच विम्बल्डनला उपांत्यपूर्व सामन्यात त्याच्या पोटाचा स्नायू फाटला. त्याचे वडील प्रेक्षकांतून हातवारे करत होते, 'थांब, सोड आता!' त्याने ऐकलं नाही. पाच सेट खेळून तो जिंकला. पण दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, आणि उपांत्य सामना न खेळताच त्याने माघार घेतली.

अनिल कुंबळेची गोष्ट आपल्याकडे घराघरांत सांगतात. २००२ साली अँटिग्वाच्या कसोटीत मर्व्हिन डिलनचा चेंडू लागून त्याचा जबडा मोडला. डोक्याभोवती, हनुवटीखालून पट्टी बांधून तो मैदानात आला, १४ षटकं टाकली आणि ब्रायन लाराला बाद केलं. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं टाळ्या वाजवतात. मग मी पुढचं सांगते, की तो त्यानंतर शस्त्रक्रियेसाठी तडक भारतात परतला. तिथे टाळ्या जरा कमी पडतात!

जपानचा शुन फुजिमोतो तुम्हाला माहीत नसेल. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या सांघिक स्पर्धेत त्याच्या गुडघ्याची वाटी मोडली. त्याने कुणाला सांगितलं नाही. घोड्यावरच्या कसरतीत ९.५ गुण मिळवले. मग रिंग्ज. वरून उडी घेऊन दोन पायांवर उभं राहायचं होतं. तो उतरला, उभा राहिला, ९.७ गुण मिळवले, आणि जपानने सोव्हिएत संघाला अवघ्या ०.४ गुणांनी मागे टाकून सुवर्णपदक जिंकलं. त्या उडीने गुडघ्याची वाटी जागची हलली आणि लिगामेंटही फाटली. पुढे त्याला विचारलं, पुन्हा असं कराल का? त्याचं उत्तर होतं, नाही.

सचिनचं मात्र सगळ्यांना पाठ. १९९९ च्या जानेवारीत चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध पाठीत चमका येत असताना त्याने १३६ धावा काढल्या, आणि भारत १२ धावांनी हरला. त्या दिवशी किती घरांत जेवणं झाली नसतील! पण २००४ मध्ये कोपर दुखायला लागलं, टेनिस एल्बो म्हणतात ते, तेव्हा सोसून भागलं नाही. २००५ च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली. पुढचे काही महिने क्रिकेट बंद. त्या वर्षी ऑक्टोबरात आपल्या नागपूरला तो श्रीलंकेविरुद्ध परत खेळायला उतरला, आणि त्याने ९३ धावा काढल्या.

आई-बाबांनो, आता थोडं तुमच्याशी. ही सगळी मोठी, पूर्ण वाढ झालेली माणसं होती आणि त्यांच्याजवळ डॉक्टर होते. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा एक मऊ थर असतो. तो साधारण सतरा-अठरा वर्षांपर्यंत पक्का होत नाही, मुलींचा थोडा आधी होतो. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या गुडघ्याखाली दुखरं टेंगूळ येतं. ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली वेगवेगळं लिहिलेलं दुखणं ते हेच. खेळ कमी केला, की बहुतेक वेळा ते वाढ पूर्ण होईपर्यंत आपोआप जातं. जलदगती गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या कण्याच्या हाडाला बारीक तडे जातात. इंग्लंडमध्ये म्हणूनच लहान वयाच्या गोलंदाजांनी एका वेळी आणि दिवसभरात किती षटकं टाकायची, याची मर्यादा ठरवून दिलेली आहे. पाठीच्या हाडाचा तडा जसप्रीत बुमराहसारख्या तयार गोलंदाजालाही २०१९ मध्ये घरी बसवून गेला. मग बारा वर्षांच्या पोराचं काय?

तालुका पातळीच्या स्पर्धांना मी मुलांना घेऊन जाते. तिथे मैदानाच्या कडेला पालक मुलाला मलम चोळताना, गोळी देताना दिसतात. 'एवढा एकच सामना' म्हणतात. तो एकच कधी नसतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका, आणि मुलांना ॲस्पिरिन तर नाहीच नाही. एका जागी बोट ठेवून दाखवता येतं असं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, लंगडायला लावणारं दुखणं, आणि सूज, यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी खेळ बंद.

अडचण एवढीच, की मुलं सांगत नाहीत. संघातून काढतील ही भीती असते. 'किती दुखतंय?' विचारलं की उत्तर ठरलेलं: 'काही नाही, बाई.' अमेरिकेत डोना वाँग आणि कोनी बेकर या दोघींनी १९८० च्या दशकात मुलांसाठी सहा चेहऱ्यांची एक पट्टी तयार केली. पहिला चेहरा हसरा, शेवटचा रडका, मधले चार पायरीपायरीने उतरत जाणारे. तोंडाने सांगायचं नाही, नुसतं बोट ठेवायचं. दवाखान्यांत ती वापरतात. आम्ही ती खडूने फळ्याच्या कडेला काढून ठेवली आहे. खो-खोच्या सरावाआधी प्रत्येकाने एका चेहऱ्यावर बोट ठेवून जायचं. पहिल्या दिवशी चौथीतला एक मुलगा बराच वेळ उभा राहिला. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या चेहऱ्याच्या मधे बोट ठेवून म्हणाला, "बाई, इथे एक काढा."

काढला. आता आमच्या फळ्यावर सात चेहरे आहेत.